टाकीतली सव्वा घटका

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघालेलं एक पस मॉथ विमान मुंबईच्या वाटेवर अहमदाबादला उतरलं. चालक अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा. बरोबर टपाल, पण रेडिओ नाही. तिथे बर्मा शेल कंपनीचं पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांत. ते टाकीत ओतलं गेलं आणि विमान पुन्हा उडालं. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी ते जुहूच्या धावपट्टीवर टेकलं आणि टाटांच्या नियमित टपाल-विमानसेवेला सुरुवात झाली.

ही बैलगाडी आपल्याकडे नेहमी कौतुकाने सांगितली जाते. जुनं युग नव्या युगाला पेट्रोल पाजतंय, असं ते चित्र. मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्या दिवसाच्या उड्डाणातला सर्वांत बिनचूक भाग कुठला असेल तर तो ही बैलगाडी. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, आणि तसल्या इंजिनाला सुमारे पस्तीस मिनिटं पुरेल एवढं पेट्रोल. किती डबे ओतले हे माणसाने डोळ्यांनी मोजलेलं असे. त्या काळी पेट्रोल मऊ कातड्यातून, शॅमॉयमधून गाळून टाकीत सोडत. पेट्रोल खाली जाई, पाणी आणि कचरा वर अडून राही. आत काय गेलं, किती गेलं आणि ते स्वच्छ होतं का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जमिनीवरच मिळत. हवेत गेल्यावर मात्र त्यांतलं एकही उत्तर इतक्या खात्रीने मिळत नसे.

अहमदाबाद ते जुहू हे सरळ रेघेतलं अंतर साधारण ४४० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती सुरतेच्या पश्चिमेकडून समुद्रावर जाते, डहाणूच्या वरच्या अंगाला पुन्हा जमिनीवर चढते आणि विरार ओलांडून वसईतल्या गिरीजच्या आसपास येते. त्या काळचे वैमानिक रेघेपेक्षा किनारा आणि रेल्वेचे रूळ यांवर अधिक भिस्त ठेवत. वसईत तर रेघ, किनारा आणि रूळ तिन्ही एकमेकांच्या जवळ येतात. पुढे वसईची खाडी, तीवरचे रेल्वेचे पूल आणि त्यांच्या मधलं पाणजू बेट, पलीकडे उत्तन, गोराई, मनोरी, वर्सोवा, आणि जुहू. गिरीजपासून जुहू तीसेक किलोमीटर. पस मॉथच्या वेगाने दहा-अकरा मिनिटं. हवा स्वच्छ असली तर दोन हजार फुटांवरून मुक्कामाचं ठिकाण जवळजवळ दिसू लागतं.

पेट्रोल कमी असलेल्या वैमानिकासाठी ही जागा फार फसवी आहे. दोनशे किलोमीटर बाकी असताना काटा खाली गेला तर माणूस निमूटपणे जवळचं मैदान शोधतो. तीस किलोमीटर बाकी असताना तोच माणूस म्हणतो, आता काय, आलंच की. जवळपणामुळे हिशेब सैल होतो. म्हणून मी या सगळ्या विषयाचा विचार गिरीजच्या वरच्या हवेत उभं राहून करतो आहे.

समजा, इथेच इंजिन अडखळलं. खाली पाहायचं. गिरीजची डोंगरी, म्हणजे दत्तमंदिराची हिरा डोंगरी, जुना वज्रगड, ही खूण म्हणून उत्तम; पण तिच्याभोवती उतरायला जागा नाही. वाड्यांमधून माड, सुपारी, केळी, विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी. विमानातून बावखल म्हणजे झाडीत चमकणारं पाणी, सपाटीचा आभास देणारं. वसईची हिरवाई माणसांना जगवणारी आहे, पण पंखांना ती ठाव देत नाही. पूर्वेला नायगाव-उमेळ्याकडची मिठागरं लांबून अगदी आखीव मैदानासारखी दिसतात. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक चौकोनाला मातीचा बांध आहे आणि आत चिखल. जुनी विमानं शेपटीच्या चाकावर बसणारी. त्यांची पुढची चाकं मऊ जमिनीत रुतली की विमान नाकावर पडून उलटं होतं.

राहता राहिला किनारा. सुरुची, भुईगाव, राजोडी, कळंब. इथली पुळण उपयोगी आहे, पण सगळीच नाही आणि सगळ्या वेळी नाही. वरची कोरडी वाळू भुसभुशीत, चाकं गिळणारी. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट, आणि तिच्यावर हलकं विमान टेकू शकतं. मात्र ती पट्टी ओहोटीलाच रुंद असते. भरतीच्या वेळी सुरूच्या झाडांपासून लाटेपर्यंत काहीच उरत नाही. म्हणजे गिरीजवर असताना पेट्रोल संपलं तर जगण्यामरण्याचा निकाल भरती-ओहोटीच्या कोष्टकाने लागायचा. खुद्द जुहूची तेव्हाची धावपट्टी समुद्राच्या इतकी जवळ आणि इतकी सखल होती की पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांची सेवा चार महिने पुण्याला हलवावी लागे. समुद्राचं कोष्टक त्या वैमानिकांना अपरिचित नव्हतं.

आता टाकीकडे येऊ. जुन्या हलक्या विमानांत पेट्रोल मोजण्याची साधनं पाहिली की माणूस थक्क होतो. टायगर मॉथमध्ये टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी, दोन्ही बैठकींच्या डोक्यावर. तिच्यावर काचेची एक नळी, नळीत तरंग्याची काडी. वर मान करायची आणि काडी किती उरली ते पाहायचं. पायपर कबमध्ये तर नाकासमोरच्या टाकीच्या झाकणातून एक तार बाहेर डोकावते. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगा. तार झाकणाला टेकली की टाकी रिकामी. यंत्रात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून ही साधनं विश्वासू. आणि तरी ढोबळ. विमान जमिनीवर नाक वर करून बसलेलं असतं, हवेत सरळ होतं. दोन्ही वेळी तीच पातळी वेगळा आकडा दाखवते. वळणात पेट्रोल एका कडेला जातं. खडबडीत हवेत काडी नाचते.

टायगर मॉथची टाकी १९ गॅलनांची, म्हणजे ८६ लिटरची. तासाला तीसेक लिटर खर्च धरला तर पावणेतीन तासांच्या वर थोडी मिनिटं. दिवसाढवळ्या, डोळ्यांनी जमीन पाहत उडणाऱ्या छोट्या विमानाने मुक्कामी पोहोचल्यावरही अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक ठेवावं, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. रात्री पाऊण तासाचं. अर्धा तास म्हणजे पंधरा लिटर. एवढं पेट्रोल त्या टाकीत हेलकावत असताना तरंग्याच्या काडीवर धड वाचताही येत नाही. ज्या शिलकीवर जीव अवलंबून, तीच शिल्लक काट्याला दिसत नाही. म्हणून जुने वैमानिक काट्यावर नव्हे, घड्याळावर उडत. किती वाजता निघालो, तासाला किती जातं, आता किती वाजले. काट्याने घड्याळाला दुजोरा दिला तर ठीक. दोघांत मतभेद झाला तर जो वाईट बातमी सांगतो त्याचं ऐकायचं.

आपल्याकडे लग्नमुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत. तळाला छिद्र असलेलं ते भांडं चोवीस मिनिटांत भरून बुडतं, म्हणजे एक घटका. टाकीचं काम उलट्या दिशेने तेच आहे: पात्र भरतं तसतशी वेळ सरते, टाकी रिकामी होते तसतशी वेळ सरते. अर्ध्या तासाची ती राखीव शिल्लक बरोबर सव्वा घटका होते. मला हे माप लिटरपेक्षा खरं वाटतं. लिटर टाकीत असतात. सव्वा घटका माणसाच्या हातात असते, काय करायचं ते ठरवायला.

या सव्वा घटकेला सगळ्यात आधी खातो तो वारा. अहमदाबाद-जुहूचंच अंतर घ्या. ताशी १५० किलोमीटरने जाणारं विमान ४४० किलोमीटर दोन तास छप्पन्न मिनिटांत कापेल. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, म्हणजे झाडाच्या डहाळ्या हलाव्यात एवढाच, तर जमिनीवरचा वेग १३० होतो आणि वेळ होते तीन तास तेवीस मिनिटं. सत्तावीस मिनिटं जास्त. अर्ध्या तासाची शिल्लक जवळजवळ संपली, आणि वैमानिकाने एकही चूक केलेली नाही. ताशी ८५० किलोमीटरने जाणाऱ्या जेटला तोच वारा त्याच अंतरावर मिनिटभराचाही उशीर करत नाही. मंद विमान वाऱ्याच्या मुठीत असतं. म्हणून त्यात बसणाऱ्याने निघतानाचा हिशेब पवित्र मानायचा नाही. वाटेत नदी, पूल, स्टेशन दिसलं की वेळ टिपायची, खरा वेग काढायचा आणि पेट्रोलचा हिशेब पुन्हा मांडायचा. दमणगंगेच्या मुखावर दहा मिनिटं उशीर दिसला, तर तो उशीर पुढे वाढणार आहे असंच धरायचं.

इंजिनाला पेट्रोल न मिळण्याचे प्रकार दोन, आणि ते वेगळे ओळखावे लागतात. एक, टाकी खरोखर रिकामी. दुसरा, पेट्रोल आहे पण ते इंजिनापर्यंत जात नाही: कॉक चुकीच्या टाकीवर, हवेची नळी बुजलेली, किंवा तळाशी पाणी. हा दुसरा प्रकार अधिक खिन्न करणारा, कारण अपघातानंतर टाकीत पेट्रोल सापडतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्प थंड होऊन पाणी होतं आणि ते तळाला बसतं. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवायची आणि सकाळी तळाची तोटी उघडून थोडं पेट्रोल काढून पाहायचं. आजच्या काळात आणखी एक धोका आहे. जुन्या इंजिनांना ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल लागतं, ते सगळ्या विमानतळांवर मिळत नाही, आणि त्याच्या जागी जेटचं इंधन भरलं गेलं तर ते इंजिन थोड्या वेळाने हवेतच दगा देतं. आपल्या देशात ॲव्हगॅस बाहेरून येत असे. इंडियन ऑईलने ते इथे बनवून बाजारात आणलं २०२२ साली.

पेट्रोल कमी आहे हे एकदा लक्षात आलं की विमान हाकण्याची रीतही बदलावी लागते. थ्रॉटल मागे घेऊन मिश्रण पातळ करायचं, इंजिन सहन करील तितकंच. वारा पाठीमागे असेल तर वेग कमी. समोर असेल तर थोडा जास्त, नाहीतर वाऱ्यातच वेळ जातो. दोन टाक्या असतील तर दोन्हीकडे थोडं-थोडं उरवून ठेवण्यात शहाणपण नाही. एक टाकी उंचीवर असतानाच वापरून काढावी आणि उरलेलं सगळं पेट्रोल दुसऱ्या टाकीत, उतरण्याच्या वेळेसाठी असावं. जमिनीजवळ कॉक फिरवायची वेळ येऊ देऊ नये. मग विमान सरळ ठेवायचं. कडेला घसरवत उतरवणं ही जुन्या वैमानिकांची आवडती कसरत, पण तळाशी थोडंसंच पेट्रोल असताना ते तोटीपासून दूर सरकतं आणि इंजिन हवा ओढतं. हीच गोष्ट ऐनवेळी उतरणं सोडून पुन्हा वर उचलण्याची: नाक झटकन वर गेलं की तोटी उघडी पडू शकते. शेवटचं उतरणं एकाच प्रयत्नात नीट होईल अशी मांडणी लांबूनच करायची.

पण हे सगळं कसब झालं. मूळ गोष्ट कसबाच्या आधीची आहे. इंजिन चालू असताना उतरायचं. वैमानिकांच्या शिक्षणात खबरदारी म्हणून उतरणं आणि नाइलाजाने उतरणं या दोन गोष्टी वेगळ्या शिकवतात. पहिल्यात तुम्ही मैदानावरून एकदा कमी उंचीने जाता, खड्डे, तारा, गुरं पाहता, वारा कुठला ते धुरावरून ठरवता, पसंत नसेल तर दुसरं मैदान शोधता, आणि मग टेकता. दुसऱ्यात पंख्यासमोर शांतता असते आणि जे खाली येईल ते तुमचं. दोन पंखांची, तारांनी बांधलेली जुनी विमानं तर इंजिनाविना फार दूर तरंगतही नाहीत. दोन्हींतला फरक केवळ पाच-सात लिटरचा. पाच-सात लिटर असताना माणूस निवडतो; ते संपल्यावर त्याच्यासाठी निवड केली जाते. वसईच्या उत्तरेला, कळंबच्या ओल्या पुळणीवर ओहोटीला, इंजिन चालू असताना उतरलेल्या वैमानिकाला लोक भित्रा म्हणतील. खाडीच्या पलीकडे इंजिन थांबल्यावर धाडसी म्हणायला कदाचित कुणी उरणार नाही.

वसईच्या पाचूबंदरचा तांडेल हे जाणतो. जाळं कितीही भरत असलं तरी परतीचं डिझेल जाळ्यापायी जाळत नाही. बंदराकडे तोंड कधी फिरवायचं हे तो मासळी पाहून नाही, टाकी आणि पाणी पाहून ठरवतो. वैमानिकाला हे अवघड जातं, कारण त्याची परतीची वाट पुढे असते. मागे फिरण्याची वेळ आली हे त्याला पुढे जाताना ओळखावं लागतं.

आणि माणसाला आड येते ती भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात. हवेत ती त्याहून वाईट गोष्टीची बहीण ठरते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवेमुळे त्याला तासाभराहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालायला लावलं. चालकांनी नियंत्रकांना प्राधान्य द्या म्हटलं, इंधन संपत आलंय म्हटलं. पण आणीबाणी हा शब्द कुणी उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याला इंजिनंच उरली नाहीत. ७३ माणसं गेली. त्या संभाषणात सभ्यता आहे, घाई न दाखवण्याचा संकोच आहे, समोरच्याला कळलंच असेल ही समजूत आहे. आपल्या घराघरांत हे बोलणं आपण ऐकतो. दुखणं अंगावर काढणारी माणसं असंच बोलतात. नंतरच्या काळात नियमच असा झाला की शब्द ठरवून दिले. मिनिमम फ्युएल म्हटलं की आता आणखी उशीर चालणार नाही. मेडे मेडे मेडे फ्युएल म्हटलं की राखीव शिलकीला हात लागणार आहे. शिल्लक संपल्यावर नव्हे, तिला हात लागणार हे दिसताच ओरडायचं आहे. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो. तो भिडस्त माणसाच्या तोंडात आधीच शब्द घालून ठेवतो.

आपल्या देशातली एक घटना याच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे. १५ नोव्हेंबर १९९३ रोजी मद्रासहून हैदराबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० तिथे धुरकट हवेत उतरू शकलं नाही. परत वळताना पंखांमागचे फ्लॅप आत जाईनात. फ्लॅप बाहेर असले की हवा विमानाला मागे ओढते, इंधन भराभर जातं. मद्रासपर्यंत पुरणार नाही हे उघड झालं तेव्हा विमान तिरुपतीजवळच्या भातशेतात उतरवलं गेलं. सगळे वाचले. निघताना ज्या विमानाचा हिशेब केला होता ते विमान राहिलंच नव्हतं. त्याच नावाचं, जास्त खाणारं दुसरं विमान त्यांच्या हातात आलं होतं. जुन्या विमानांच्या बाबतीत हे रोजचंच. पंखावरचं कापड सैल झालं, एखादा स्पार्क प्लग नीट पेटेना, कार्ब्युरेटर थोडा जास्त ओला चालला, की पुस्तकातला आकडा त्या विमानाचा उरत नाही.

स्पार्क प्लगवरून टाटांचीच आधीची एक गोष्ट आठवते. इंग्लंड आणि भारत यांच्या दरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगा खान यांनी बक्षीस लावलं होतं. १९३० साली टाटा कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथे प्लगांवाचून अडकला होता. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्याला देऊन टाकले. ॲस्पी जिंकला, टाटा थोडक्यात हुकले. ॲस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगतात आणि ती आहेच. मला तिच्यात राखीव वस्तूचं खरं रूप दिसतं. ज्याच्याकडे सुटे प्लग होते त्याच्याकडे देण्याचं स्वातंत्र्य होतं. जेमतेम पुरेल एवढंच घेऊन निघणाऱ्याला उदार होता येत नाही, कुणासाठी थांबता येत नाही, वाट बदलता येत नाही.

हेच टाटा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेपर्ड मॉथ या १९३०च्या दशकातल्या विमानातून एकटे पुन्हा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. धाडसाचं कौतुक त्या दिवशी पुष्कळ झालं. पण पन्नास वर्षांच्या अंतराने तीच वाट, तसंच छोटं विमान आणि मध्ये पुन्हा अहमदाबादचा तोच थांबा, यातला तो थांबा मला फार बोलका वाटतो. दोन्ही वेळी त्यांनी हजार किलोमीटरची वाट दोन तुकड्यांत कापली.

जुनी विमानं आवडीने उडवणाऱ्यांमध्ये एक पद्धत आहे, आणि ती मला सगळ्या उपदेशांहून मोलाची वाटते. उतरल्यावर विमान झाकण्याआधी टाकीत मोजपट्टी घालायची, पण विमान दर वेळी त्याच सपाट जागी उभं करून. किती उरायला हवं होतं ते आधीच वहीत लिहिलेलं असतं. किती उरलं ते शेजारी लिहायचं, आणि फरकाशेजारी कारण: समोरचा वारा, उंच चढणं, जास्त वेळ जमिनीवर चालवलेलं इंजिन. अशी बरीच पानं भरली की त्या एका विमानाचा, त्या एका इंजिनाचा तासाचा खरा खर्च हाती येतो. तो कारखान्याच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बहुधा जास्त असतो. पुढच्या उड्डाणाचा हिशेब मग त्या वहीवरून करतात, आणि विमान दुसऱ्याला विकलं तर वही त्याच्याबरोबर देतात.